काम हातातून हातात जाताना

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कुठे मोठा अपघात झाला की बातमीत ‘निष्काळजीपणा’ किंवा ‘मानवी चूक’ यांपैकी एक शब्द हमखास येतो. त्याच अंकाच्या आतल्या पानावर कुणीतरी तरुणांना सांगत असते, की पुढाकार घ्या, काम अंगावर घ्या, झोकून द्या. दोन्हीकडे एकच गोष्ट गृहीत धरलेली असते: जबाबदारी हा स्वभावाचा गुण आहे, ज्याच्यात आहे तो चांगला कर्मचारी, नाही तो निष्काळजी. यंत्रांच्या देखभालीचे काम करणाऱ्या आम्हा काही वाचकांना हे पटत नाही. वेळेवर येणाऱ्या, प्रामाणिक, राबणाऱ्या माणसांच्या हातूनही जबाबदारी सांडते आणि बहुतेक वेळा एकाच जागी सांडते: काम एका हातातून दुसऱ्या हातात जाते तिथे. पत्र त्या जागेबद्दल आहे.

उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-वायू तळावर ६ जुलै १९८८ रोजी १६७ माणसे मृत्युमुखी पडली. द्रवरूप वायू पुढे ढकलणारे तिथे दोन पंप होते, ए आणि बी. ए पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता आणि उघड्या पाइपच्या तोंडावर तात्पुरते झाकण बसवले होते. दिवसपाळी संपली तेव्हा व्हॉल्व्ह परत बसलेला नव्हता. ज्याला हे तोंडी सांगायचे तो दुसऱ्या कामात गुंतलेला दिसला, म्हणून परवान्याचा कागद (कोणते काम चालू आहे आणि काय वापरायचे नाही याची लेखी नोंद) कंट्रोल रूममध्ये ठेवून सांगणारा निघून गेला. रात्री पावणेदहाच्या सुमारास बी पंप बंद पडला आणि पुन्हा सुरू होईना. रात्रपाळीने ए पंपाचे कागद शोधले. एक परवाना सापडला, पण तो पंपाच्या मोठ्या दुरुस्तीचा होता आणि ती दुरुस्ती सुरूच झाली नव्हती. म्हणजे पंप वापरता येईल, असा अर्थ त्यांनी लावला. व्हॉल्व्हचा परवाना वेगळा होता. तो त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. ए पंप सुरू झाला, झाकणाच्या जागेतून वायू सुटला आणि दहाच्या सुमारास पहिला स्फोट झाला.

यात कामचुकार कोण होते? दिवसपाळीने कागद भरला होता, रात्रपाळीने कागद शोधला होता. दोघांनी आपापला वाटा उचलला होता. राहिले ते दोघांच्या मधले: समोर उभे राहून ‘ए पंपाला हात लावू नका, व्हॉल्व्ह जागेवर नाही’ एवढे सांगणे, आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवणे.

म्हणून पाळी बदलताना चार गोष्टी तोंडी आणि लेखी, दोन्ही प्रकारे द्यायला हव्यात. अर्धवट राहिलेले काम कोणते, आणि ते नेमके कुठवर आले आहे. बंद केलेले, काढलेले किंवा बायपास केलेले, म्हणजे सुरक्षेची सोय टाळून चालवलेले, काय आहे. चालू आहे पण नेहमीसारखे नाही, असे काय आहे: बेअरिंगचा आवाज, तापमानाचा चढता काटा, पुन्हा पुन्हा वाजून गप्प होणारा अलार्म. आणि पुढच्या काही तासांत काय करायचे ठरलेले आहे. यांतली दुसरी गोष्ट सर्वांत जास्त वेळा राहते, कारण ज्याने बायपास केला त्याच्या दृष्टीने यंत्र ‘चालू’ असते. लॉगबुकात ‘सर्व ठीक’ लिहिले की त्याच्या मागे हे सगळे झाकले जाते. ही देवाणघेवाण कॅन्टीनच्या वाटेवर करू नये, यंत्रापाशी उभे राहून करावी. घेणाऱ्याने ‘हो, हो’ न म्हणता ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगावे. यासाठी दहा-पंधरा मिनिटे दोन्ही पाळ्या एकत्र हजर हव्यात, आणि ती मिनिटे पगारी कामात मोजलेली हवीत. जिथे एक पाळी फाटकातून बाहेर पडते तेव्हाच दुसरी आत शिरते, तिथे चार्ज दिला-घेतला जात नाही, फक्त सह्या होतात.

आमच्या क्षेत्रात जबाबदारी कशी दिसते ते विचाराल तर आम्ही एक कुलूप दाखवू. यंत्रात हात घालण्याआधी आयसोलेटर, म्हणजे पुरवठा तोडणारा मुख्य स्विच, बंद करून त्यावर कुलूप लावायचे आणि नाव, काम, वेळ लिहिलेला टॅग अडकवायचा. काम करणारे चार असतील तर कुलपेही चार. यासाठी बऱ्याच भोकांचा कडीसारखा हॅस्प मिळतो. प्रत्येकजण त्यात आपले कुलूप अडकवतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. चारही कुलपे निघाल्याशिवाय पुरवठा सुरू होत नाही. त्यानंतर साठलेली ऊर्जा काढायची: हायड्रॉलिकचा दाब, लाइनमधली हवा, वर टांगलेला भार, ताणलेली स्प्रिंग, कपॅसिटरमधला विद्युतभार. मग सुरू करण्याचे बटण स्वतः दाबून यंत्र हलत नाही याची खात्री करायची आणि बटण किंवा स्विच पुन्हा बंदच्या जागी आणायचा. तो तसाच राहिला तर पुरवठा येताच यंत्र फिरू शकते. वीज नाही हे मीटरने पाहताना मीटर आधी चालू पुरवठ्यावर तपासायचा, मग बंद ठिकाणी लावायचा, मग पुन्हा चालू पुरवठ्यावर तपासायचा. मधल्या काळात मीटरच बिघडला असेल तर तो शून्यच दाखवणार.

ही पद्धत बिघडते ती ठरलेल्या वाटांनीच. सगळ्यांच्या वतीने एकटा सुपरवायझर कुलूप लावतो. जादा किल्ल्या बोर्डावर टांगलेल्या असतात. कुलपाऐवजी नुसताच टॅग लटकतो. यंत्राला दुसऱ्या पॅनेलमधून येणारा कंट्रोलचा पुरवठा कुणाच्या लक्षातच येत नाही. आणि पाळी बदलताना जाणारा माणूस आपले कुलूप काढून निघतो, येणारा दहा मिनिटांनी लावतो. त्या दहा मिनिटांत यंत्र कुणाच्याच ताब्यात नसते. क्रम उलटा हवा: येणाऱ्याने आधी आपले कुलूप लावायचे, मगच जाणाऱ्याने आपले काढायचे. विमानातही असेच आहे. विमानाचा ताबा एका वैमानिकाकडून दुसऱ्याकडे जाताना देणारा सांगतो, घेणारा उच्चारतो, देणारा पुन्हा दुजोरा देतो. आम्हाला वाटते, कोणत्याही कामाची जबाबदारी अशीच द्यावी: घेणाऱ्याची पकड बसेपर्यंत देणाऱ्याने हात सोडू नये.

हे केवळ कारखान्यापुरते नाही. कार्यालयात रजेवर जाणारा माणूस आदल्या संध्याकाळी सहकाऱ्याला एक लांबलचक ईमेल पाठवतो, सोबत दहा फायली, आणि समजतो की चार्ज दिला. त्याऐवजी प्रत्येक प्रलंबित कामाची एक ओळ पुरते: पुढची पायरी काय, ती कुणी कधीपर्यंत करायची, आणि त्याची वाट कोण पाहत आहे. ही यादी देणाऱ्याने सांगावी आणि घेणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहावी. लिहिताना जिथे पेन थांबते तिथेच न समजलेला भाग असतो.

आता ‘मी सांगितले होते’ या वाक्याविषयी. चौकशीत सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारे वाक्य हेच, आणि ते बहुतेक वेळा खरेही असते. मंगळाकडे गेलेले मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान १९९९ मध्ये नष्ट झाले, कारण एका गटाचे सॉफ्टवेअर जोराचे आकडे पाउंडांच्या मापात देत होते आणि दुसरा गट ते न्यूटनच्या मापात धरत होता. यानाचा मार्ग पाहणाऱ्या काहींना आकडे जुळत नसल्याची शंका आधीच आली होती. त्यांनी ती बोलून दाखवली, पण अशा शंका नोंदवण्याची जी ठरलेली वाट होती त्या वाटेने ती गेली नाही, त्यामुळे तिचा छडा लावणे हे कुणाचेही काम झाले नाही. १९७२ साली २९ डिसेंबरला ईस्टर्न एअर लाइन्सचे ४०१ क्रमांकाचे विमान मायामीजवळ कोसळले तेव्हा चाकाच्या एका लहानशा दिव्यात कॉकपिटमधले सगळे गुंतले होते आणि उंचीकडे कुणाचे लक्ष नव्हते. जमिनीवरच्या नियंत्रकाला पडद्यावर उंची कमी झालेली दिसली. त्याने विचारले ते एवढेच, की तिकडे कसे काय चालले आहे. ‘तुमची उंची ९०० फूट दिसते आहे’ असे त्याने म्हटले नाही. वैमानिकांना तो दिव्याविषयीच विचारतो आहे असे वाटले असावे.

सांगणे पूर्ण होते ते ऐकणाऱ्याने काय करायचे हे त्याला कळल्यावर. तेव्हा शंका सांगताना जे दिसले तो आकडा सांगावा, तो किती असायला हवा होता ते सांगावे, त्यामुळे काय होऊ शकते ते सांगावे आणि समोरच्याने काय करावे अशी अपेक्षा आहे ते स्पष्ट म्हणावे. ‘पंपाचा आवाज जरा वेगळा वाटतोय’ यावर कुणी उठत नाही. ‘पंपाच्या बेअरिंगचे तापमान सकाळी ६० होते, आता ८५ आहे, असेच वाढले तर पाळी संपण्याआधी जाम होईल, तासाभरात दुसऱ्या पंपावर जायला परवानगी द्या’ यावर उठावेच लागते. उत्तर आले नाही तर ठरलेल्या वेळाने पुन्हा विचारायचे, तरी नाही तर त्याच्या वरच्याला. पाठपुराव्याची वेळ निरोप देतानाच स्वतःच्या वहीत लिहून ठेवावी. ‘आठवेल तेव्हा विचारू’ म्हटले की ते भिजत घोंगडे होते.

मराठीपुरती एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. कर्त्याला वाक्यातून हळूच बाहेर काढण्याची आपल्या भाषेला फार चांगली सोय आहे. ‘राहून गेले’, ‘होऊन जाईल’, ‘पाहिले जाईल’, ‘कळवण्यात आले आहे’. घरगुती बोलण्यात हे गोड वाटते. बैठकीच्या इतिवृत्तात मात्र अशा प्रत्येक वाक्यात एक काम हरवलेले असते. इतिवृत्त लिहिणाऱ्याने असे वाक्य आले की थांबवून विचारावे: कोण? प्रत्येक कामापुढे एकच नाव, एक तारीख, आणि काम झाले हे कशावरून ओळखायचे त्याची खूण. दोन नावे लिहिली की प्रत्येकाला दुसरा करतो आहे असे वाटते. मदतीला कितीही जण असोत, उत्तर देणारा एक हवा.

यामागे केवळ आळस नसतो. १९६८ मध्ये जॉन डार्ली आणि बिब लताने या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगळ्या खोलीत बसलेल्या माणसाला झटका आल्याचे विद्यार्थ्यांना ऐकू येत होते. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते त्यांच्यापैकी ८५ टक्के जण तो आवाज थांबण्याआधीच मदत मागायला उठले. आणखी चार जण ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्के होते. तशीच माणसे, तेवढाच चांगुलपणा. फक्त ‘आणखी कुणीतरी आहे’ ही समजूत मधे आली. म्हणून सर्वांना पाठवलेला ईमेल किंवा चाळीस जणांच्या ग्रुपवर टाकलेला निरोप म्हणजे कामाची सोपवणूक नव्हे. एका माणसाला नावाने सांगावे आणि त्याचा होकार घ्यावा.

काम घेतानाही हेच. वरिष्ठ म्हणतात, ‘याचे जरा बघ’, आणि आपण म्हणतो, ‘हो, बघतो’. दोघांच्या मनात दोन वेगळी कामे असतात. काम घेतले त्याच दिवशी चार-पाच ओळी परत लिहून पाठवाव्यात: काय तयार झाले म्हणजे काम संपले असे आपण समजतो, ते कोण वापरणार, कधीपर्यंत हवे, कोणते निर्णय आणि किती खर्च मी माझ्या अखत्यारीत करू शकतो, अडलो तर कुणाकडे यायचे. पाच दिवसांचे काम असेल तर पहिल्या दिवशीच कच्चा नमुना दाखवावा; चुकीच्या दिशेने गेलेला एक दिवस परत मिळतो, पाच मिळत नाहीत.

पुढाकाराविषयी लोक दोन टोकांना असतात. काहींना प्रत्येक गोष्ट विचारल्याशिवाय करवत नाही, काही जण न विचारता सगळेच करून मोकळे होतात. मधली वाट वरिष्ठांनी आखून द्यायची असते: कोणती कामे ‘करून मग सांगा’, कोणती ‘सांगून करा’ आणि कोणती ‘विचारल्याशिवाय नाही’. कसोटी सोपी आहे. केलेले मागे घेता येते का, धोका कुणाला आहे, आणि विचारायला वेळ आहे का. फॉर्ममधली चूक दुरुस्त करणे पहिल्यात, चालू वेळापत्रक बदलणे दुसऱ्यात, मूळ नोंदी कायमच्या पुसणे किंवा सुरक्षा यंत्रणा काढणे तिसऱ्यात. ही यादी लेखी नसेल तर नवा माणूस ती अनुभवातून, म्हणजे बोलणी खाऊन शिकतो, आणि बोलणी खाल्लेला माणूस सगळेच तिसऱ्या रकान्यात टाकतो.

एका बाबतीत मात्र आमचा आग्रह आहे. धोका दिसल्यावर थांबवायला परवानगी लागू नये. पुन्हा सुरू करायला लागावी. पायपर अल्फाला आग लागलेली दिसत असतानाही शेजारचे क्लेमोर आणि टार्टन हे तळ लगेच बंद झाले नाहीत आणि त्या आगीला इंधन मिळत राहिले. एवढा मोठा प्रवाह वरून आदेश आल्याशिवाय बंद करायला तिथल्या प्रमुखांचे मन धजावले नाही. याउलट टोयोटाच्या कारखान्यांत जुळणीच्या ओळीवरचा कुणीही कामगार दोरी ओढू शकतो. दोरी ओढली की दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो, आणि गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोहोचेतो अडचण सुटली नाही तर ओळ थांबते. तिथे दोरीपेक्षा महत्त्वाचे आहे ते धावत आलेल्या माणसाचे पहिले वाक्य. ते ‘काय झाले, दाखव’ असेल तर उद्याही दोरी ओढली जाईल. ‘तूच का नेहमी थांबवतोस?’ असे असेल तर ती दोरी शोभेची. अर्थात काही ठिकाणी थांबवणेही घातक असते: थंड करणारे पाणी, धूर ओढणारा पंखा, श्वास चालवणारे यंत्र. त्यामुळे ‘काहीही बंद करा’ असे सांगून भागत नाही. प्रत्येकाला आपल्या जागी कोणते बटण दाबायचे आणि कोणत्याला हात लावायचा नाही हे पहिल्याच दिवशी दाखवावे.

पुढाकाराच्या नावाखाली एक वाईट गोष्टही होते. यंत्राच्या फिरत्या भागावरच्या गार्डचा, म्हणजे संरक्षक झाकणाचा, सेन्सर सारखा यंत्र थांबवतो, म्हणून कुणीतरी तारेचा तुकडा लावून त्याला फसवतो. उत्पादन सुरू राहते, पाठ थोपटली जाते. काही आठवड्यांनी ती तार कुणाच्याही लक्षात नसते आणि गार्ड उघडा असताना यंत्र फिरते. असा बायपास खरोखरच अटळ असेल तर त्याला लेखी परवानगी, जागेवर डोळ्यांत भरेल असा टॅग, काढण्याची तारीख, आणि काढेपर्यंत प्रत्येक पाळीच्या चार्जमध्ये उल्लेख हवा. आणि सेन्सर का थांबवतो याचा शोध त्याच दिवशी सुरू व्हायला हवा. बहुतेकदा ढिला ब्रॅकेट किंवा साचलेली धूळ एवढेच निघते.

आपल्या हातून चूक झाली तर पहिली गोष्ट वेळ. उशीर होणार याची खात्री झाल्यावर सांगितले तर ऐकणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. शक्यता दिसताच सांगावे. क्रमही महत्त्वाचा: काय झाले, त्याचा परिणाम कुणावर, मी आतापर्यंत काय केले, मला काय हवे, पुढची खबर केव्हा देतो. कारणे यानंतर. बहुतेक जण कारणांपासून सुरुवात करतात आणि परिणामापर्यंत पोहोचेतो ऐकणारा चिडलेला असतो. चौकशीनंतर ‘यापुढे काळजी घेऊ’ असे लिहून घेण्याची पद्धत तर बंदच करावी. काळजी आधीही होती. चुकीच्या नळीला चुकीची जोडणी बसणारच नाही असा सांधा, दोन सारख्या दिसणाऱ्या बाटल्या वेगळ्या कपाटांत, इतिवृत्तात एकच नाव, हे उपाय झाले.

आणि वरिष्ठांसाठी: जबाबदारी द्यायची आणि अधिकार आपल्या टेबलाच्या खणात ठेवायचा, हे चालत नाही. ज्याच्याकडून उत्तर मागायचे त्याला माणसे, वेळ आणि नाही म्हणण्याची मुभा मिळाली आहे का, हे आधी पाहावे.

संपादक महाशय, आपल्याकडे एक विनंती आहे. अपघाताची बातमी देताना ‘निष्काळजीपणा’ हा शब्द लिहिण्याआधी आपल्या वार्ताहरांनी तीन प्रश्न विचारावेत. घटनेआधी काम शेवटचे कुणाकडून कुणाकडे गेले आणि तेव्हा तोंडी काय सांगितले गेले? कुणाला शंका आली होती का, आणि ती कुठे नोंदवली? थांबवण्याचा अधिकार त्या क्षणी तिथे हजर असलेल्या माणसाकडे होता का? उत्तरे मिळाली नाहीत तर ती मिळाली नाहीत हेही छापावे. आणि चौकशीचा अहवाल काही महिन्यांनी येतो तेव्हा पहिल्या बातमीइतकीच जागा त्याला द्यावी, कारण आमच्यासारखे लोक तो कापून पाळीच्या खोलीतल्या फलकावर लावतात.

आपले,
यंत्र देखभालीत काम करणारे काही वाचक